पिसागणिक साक्ष

1899 साली अमेरिकी सरकारने पाच डॉलरची नवी नोट काढली. तिच्या मध्यभागी हंकपापा लाकोटांचा पुढारी रनिंग अँटेलोप याचं चित्र कोरलेलं होतं. चेहरा त्याचा, पण डोक्यावरचा पिसांचा टोप त्याच्या लोकांचा नव्हता. लाकोटांचा टोप उंच आणि मागे पसरत जाणारा. तो चौकटीत मावेना म्हणून कोरणाऱ्यांनी पॉनी जमातीचा आटोपशीर टोप त्याच्या माथी चढवला, असं या नोटेबद्दल सांगतात. पॉनी आणि लाकोटा हे पिढ्यानपिढ्यांचे वैरी. सव्वीसच वर्षांपूर्वी, 1873 च्या ऑगस्टमध्ये, नेब्रास्कातल्या एका घळीत लाकोटा स्वारांनी बायसनच्या शिकारीला निघालेल्या पॉनींना बायकामुलांसह कापून काढलं होतं. वैऱ्याचा टोप डोक्यावर घेतलेला हा लाकोटा पुढारी मग देशभर हातोहात फिरत राहिला.

नोट काढणाऱ्यांनी चेहऱ्याला महत्त्व दिलं. मैदानी मुलखातल्या चित्रकाराने नेमकं उलट केलं असतं. मिनेकाँजू लाकोटा योद्धा रेड हॉर्स याने 1881 साली अमेरिकी घोडदळाशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईची बेचाळीस चित्रं काढून दिली. ती आज स्मिथसोनियन संस्थेत आहेत. 1875 ते 1878 या काळात फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनच्या किल्ल्यात कैद असलेल्या शायॅन तरुणांनी हिशेबाच्या वह्यांच्या पानांवर अशीच चित्रं काढली. या चित्रांत माणसांचे चेहरे जवळपास सारखे दिसतात. स्वार कोण, हे कळतं ते त्याच्या ढालीवरून, घोड्यावरच्या रंगांवरून आणि डोक्यावर काय आहे त्यावरून. कोणाच्या डोक्यावर एकच पीस, कोणाच्या दोन, कोणाच्या डोक्यावर शिंगांचा टोप, कोणाची पिसांची शेपटी पार घोड्याच्या पाठीमागे उडते आहे. पाहणाऱ्याने तेवढ्यावरून माणूस ओळखायचा आणि त्याने काय केलं तेही ओळखायचं. हे पुस्तक त्या ओळखीबद्दल आहे.

आधी लोक कोण ते सांगतो. ज्यांना बाहेरचं जग सरसकट सू म्हणतं त्यांच्यात लाकोटा, डाकोटा, नाकोटा असे भाईबंद आहेत. शायॅन लोक स्वतःला त्सित्सिस्तास म्हणवतात. दोघांच्याही भाषा वेगळ्या, कुळं वेगळी. पण दोघेही आजच्या मिनेसोटाकडच्या पाणथळ मुलखातून पश्चिमेला सरकत आले. शायॅन तर आधी मातीच्या घरांत राहून मका पिकवणारे. अठराव्या शतकात घोडा हाती आला आणि दोघांचंही जगणं बदललं. मिझुरी नदीपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंतच्या गवताळ मुलखात ते बायसनच्या मागे फिरू लागले आणि पुढे एकमेकांचे घट्ट मित्र झाले. कंबरेखाली लोंबणाऱ्या दुहेरी शेपटीचा टोप हा या घोडेस्वार जगण्यातूनच आला आहे. तो पायी चालणाऱ्यासाठी नाही. धावत्या घोड्यावर वारा भरला की मगच तो पुरता दिसतो.

पीस कोणत्याही पाखराचं चालत नाही. खरा मान सोनेरी गरुडाच्या शेपटीचा, त्यातही वयात न आलेल्या पक्ष्याचा. त्याचं पीस पांढरंशुभ्र असतं आणि टोकाला काळपट तपकिरी. पक्षी थोराड झाला की ते पांढरेपण जातं. गरुडाच्या शेपटीत पिसं बाराच. तिशीच्या घरातल्या पिसांचा साधा टोप करायचा तरी तीन पक्षी लागतात; शेपटीवाल्या टोपाला त्याच्या दुप्पट. आणि गरुड पकडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. उंच कड्यावर माणूस बसेल एवढा खड्डा खणायचा, तो काटक्या-गवताने झाकायचा, वर सशासारखं आमिष बांधायचं आणि आत दबा धरून बसायचं. गरुड आमिषावर उतरला की झाकणातून हात घालून त्याचे पाय धरायचे. त्याच्या नख्या हाडापर्यंत जातात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला या कामाची धास्ती समजेल. शायॅन लोकांत हे काम व्रतस्थपणे, प्रार्थना करून, जाणती माणसंच करत.

आता टोप हाती घेऊन पाहू. मुळाशी हरणाच्या मऊ कातड्याची टोपी असते. पुढेपुढे बाजारी फेल्ट हॅटची कड कापून तिचा घेर वापरू लागले. प्रत्येक पिसाचं बूड तिरपं कापतात, त्याची जीभ वाकवून दांडीच्या पोकळीत खोचतात, म्हणजे एक बारीक फास तयार होतो. नाहीतर कच्च्या चामड्याची पट्टी दुमडून बुडाशी बांधतात. त्यावर लाल लोकरी कापडाची पट्टी गुंडाळायची आणि बारीक वादीने आवळायची. बुडाशी पांढऱ्या मऊ पिसांचा फुलोरा. टोकाला रंगवलेल्या घोड्याच्या केसांची बट, डिंकाने चिकटवलेली. मग टोपीच्या घेरावर पाडलेल्या भोकांतून आणि या फासांतून एक वादी ओवत जायचं. पीस टोपीला शिवलेलं नसतं, ते लटकलेलं असतं. म्हणून माणसाने मान वळवली की सगळी पिसं जिवंत असल्यासारखी हलतात. दुसरा एक दोरा पिसांच्या मध्यावरून, दांडीला भोक पाडून ओवलेला. तो बाहेरून दिसत नाही, पण पिसं किती फाकायची आणि किती सावरायची हे तोच ठरवतो. सगळा घाट त्या एका दोऱ्यावर अवलंबून.

पिसांचा क्रमही असाच चोखंदळ. शेपटीची मधली पिसं सरळ, कडेची डावी-उजवीकडे वळणारी. सरळ पिसं कपाळाच्या मध्यावर येतात, डाव्या वळणाची डावीकडे आणि उजव्याची उजवीकडे. ब्लॅकफूट लोकांचा टोप उभ्या नळकांड्यासारखा. सू आणि शायॅनांचा मागे झुकत फुलत जाणारा. कपाळावर पट्टी, आधी साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची, पुढे काचेच्या मण्यांची. कानशिलांवरून अर्मिनच्या, म्हणजे हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या, कातड्याच्या पट्ट्या लोंबतात. मणी व्हेनिस आणि बोहेमियातून आलेले, लाल कापड इंग्लंडच्या गिरण्यांतलं. बाहेरचा माल वापरला म्हणून टोप कमी अस्सल झाला, असं मला मुळीच वाटत नाही. आपल्या जगण्याच्या ऐन बहरात असलेला समाज जगभरातलं चांगलं ते उचलतो आणि आपलंसं करतो. याचा याहून सुंदर पुरावा क्वचितच सापडेल.

हे सगळं हातांचं काम झालं. पण टोप हातांनी पुरा होत नाही. शेजारच्या ओमाहा लोकांबद्दल ॲलिस फ्लेचर आणि स्वतः ओमाहा असलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांनी नोंदवून ठेवलं आहे की युद्धटोप एकट्या माणसाने बनवायची गोष्टच नव्हती. पीस तयार करणाऱ्याने आधी आपला पराक्रम सगळ्यांसमोर सांगायचा, मगच ते पीस टोपात जायचं. म्हणजे टोप एकाच्या डोक्यावर दिसला तरी त्यात अनेकांची कर्तबगारी ओवलेली असे.

कर्तबगारी कोणती, तर मारण्याची नव्हे. शत्रूला लांबून गोळी घालणं यात फारसं भूषण नव्हतं. जिवंत, हत्यारबंद शत्रूच्या अगदी जवळ जाऊन त्याला हाताने, चाबकाने किंवा काठीने नुसतं शिवून परत येणं, हा सर्वांत मोठा पराक्रम. फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तोंडून याला ‘कू’ हे नाव पडलं. शायॅनांमध्ये एका शत्रूला शिवणाऱ्या पहिल्या तिघांचाच मान मोजला जाई, हे जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1923 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. शत्रूच्या तळातून बांधलेला घोडा सोडून आणणं, पडलेल्या साथीदाराला गोळ्यांच्या माऱ्यातून उचलून आणणं यांनाही मोल होतं. दावा केला की साक्षीदार लागत. वाद पडला तर शपथ घ्यावी लागे, आणि ती पवित्र वस्तूंच्या साक्षीने. खोटं बोलणाऱ्याला पुढच्या लढाईत मरण येतं, असा पक्का समज. पूर्वेकडच्या डाकोटांमध्ये तर पिसाला पाडलेली खाच, दिलेला रंग, काढलेला ठिपका यावरून कोणती कामगिरी ते कळे. पीस म्हणजे नोंद होती, आणि ती नोंद तपासायला सगळी वस्ती हजर होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टोप म्हणजे राजाचा मुकुट, टोपवाला म्हणजे ‘चीफ’, हे समीकरण बाहेरच्यांनी बसवलं. वुडन लेग हा शायॅन योद्धा लिटल बिगहॉर्नला लढला होता. म्हातारपणी त्याने डॉक्टर थॉमस मार्क्विस यांना आपली हकीकत सांगितली, ती 1931 मध्ये छापली गेली. त्यात तो स्पष्ट सांगतो की टोपाचा पुढारीपणाशी संबंध नाही. कित्येक पुढाऱ्यांकडे टोप नसे, कित्येक साध्या लढवय्यांकडे असे. टोप घालायची वेळ आली हे माणूस आपलं आपण ठरवी. कोणी परवानगी देत नसे. पण ज्याने तो घातला त्याने जाहीरच केलं की मी आता पुरता तयार झालेला लढवय्या आहे, मी दया मागणार नाही. शिवाय लढाईत टोपवाला लांबूनही उठून दिसतो. सगळ्या गोळ्या त्याच्याच रोखाने येतात. मागे काय केलं याची ती नोंद होती, तशी पुढे काय करावं लागेल याची हमीही. मला या टोपाविषयी सर्वांत मोलाची वाटते ती ही दुसरी बाजू, आणि चित्रांतून, सिनेमातून नेमकी तीच गळून पडली.

या हमीचं ओझं किती असतं ते रोमन नोजच्या मरणात दिसतं. हा उत्तरेकडचा शायॅन. वर्तमानपत्रांनी त्याला सतत ‘चीफ’ म्हटलं, पण तो कधीच पुढारी नव्हता. त्याचा टोप एका वैद्य-मांत्रिकाने त्याच्यासाठी मुद्दाम केला होता: कपाळावर मध्यभागी एकच शिंग आणि जमिनीपर्यंत लोळणारी पिसांची लांब शेपटी. टोपाबरोबर काही पथ्यं आली होती. त्यातलं एक असं की लोखंड लागलेलं अन्न खायचं नाही. 1868 च्या सप्टेंबरमध्ये आजच्या कोलोरॅडोच्या पूर्व भागात अरिकरी नदीतल्या एका बेटावर मेजर जॉर्ज फोरसाइथ यांच्या पन्नास सैनिकी वाटाड्यांना शायॅन, लाकोटा आणि अरापाहो लढवय्यांनी घेरलं. वाटाड्यांकडे एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर बंदुका होत्या. लढाईच्या काही दिवस आधी सू लोकांच्या तळावर रोमन नोजला जेवायला बोलावलं होतं आणि वाढणारणीने भाकरी लोखंडी काट्याने काढली होती. हे त्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता. शुद्धीचे विधी करायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लढाई सुरू झाली.

17 सप्टेंबरच्या सकाळभर तो मागे थांबला. मग माणसं त्याच्याकडे आली. तुझ्या भरवशावर लोक पडताहेत, आणि तू इथे बसून आहेस, असं त्यांचं म्हणणं. त्याने सांगितलं की माझं पथ्य मोडलं आहे, मी आज मरणार. तरी तो उठला, चेहरा रंगवला, टोप बाहेर काढला, डोक्यावर चढवला आणि घोडा घातला. नदीकाठच्या गवतात लपलेल्या वाटाड्यांच्या गोळीने तो कोसळला आणि लवकरच मेला. पथ्याच्या खरेखोटेपणावर इथे वाद घालण्यात अर्थ नाही. टोप घरी ठेवून तो वाचू शकला असता. त्याच्या लोकांनी आजवर लक्षात ठेवलं ते हे की त्याने तसं केलं नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण क्रेझी हॉर्सचं. ओगलाला लाकोटांचा हा सर्वांत मोठा लढवय्या, पण युद्धटोपाचा त्याला सोस नव्हता. त्याला लहानपणी झालेल्या दृष्टान्ताने साधेपणा सांगितला होता. लढाईत त्याच्या केसांत एखादं ससाण्याचं पीस आणि कानामागे एक खडा एवढंच असे. ज्याला टोपाचा सर्वांत मोठा हक्क होता त्यानेच तो घातला नाही, आणि त्याच्या लोकांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. बायकाही या नोंदीबाहेर नव्हत्या. मिनी हॉलोवुड ही लाकोटा बाई लिटल बिगहॉर्नला घोडदळाशी लढली, आणि तिने युद्धटोपाचा हक्क मिळवला. टोप घातलेलं तिचं म्हातारपणीचं छायाचित्र उपलब्ध आहे. नजर सरळ, ओठ मिटलेले. या विषयावरची शेकडो छायाचित्रं पाहूनही मी पुन्हापुन्हा तिच्यापाशी येऊन थांबतो.

मग काय झालं ते दुःखद आहे आणि थोडक्यात सांगण्याजोगं आहे. 1870 च्या दशकात आणि 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला बायसन संपवले गेले. 1876 च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नला घोडदळाचा सेनानी कस्टर याचा पाडाव झाला, पण त्यानंतर वर्षभरातच बहुतेकांना राखीव प्रदेशांत कोंडलं गेलं. 1883 साली सरकारने आदिवासींचे नाच, विधी आणि वैद्यकी गुन्हा ठरवणारी नियमावली काढली. त्याच वर्षी बफेलो बिल या अमेरिकी तमासगिराचा, लढायांची सोंगं दाखवणारा ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू झाला. 1885 मध्ये लाकोटा पुढारी सिटिंग बुल त्या खेळाबरोबर हिंडला, 1887 मध्ये ब्लॅक एल्क हा तरुण लाकोटा त्याच्याबरोबर लंडनला गेला. घरी जे करणं गुन्हा होतं त्याच्या सोंगाला तंबूत तिकीट होतं. 29 डिसेंबर 1890 रोजी वुन्डेड नी इथे सैन्याने शेकडो लाकोटांना मारलं, त्यात बायकामुलंच अधिक. त्याच काळात खेळांतून, भिंतीवरच्या जाहिरातींतून, पुढे सिनेमांतून पिसांचा तो टोप जगभर गेला आणि अमेरिकेतल्या सगळ्या आदिवासींची एकच खूण बनला. ज्या जमातींत तो कधी नव्हता त्यांनाही पाहुण्यांसमोर तो घालावा लागला, कारण त्याशिवाय पाहुण्यांना ते ‘खरे’ वाटत नसत. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुठ्ठ्याच्या पट्टीला रंगीत पिसं चिकटवून पोरं तोंडावर हात मारत ओरडतात, ते याच खेळाचं शेवटचं टोक.

हक्काने दिलेला टोप आणि उचललेला टोप यांतला फरक जाणत्यांनी सतत दाखवून दिला आहे. 11 नोव्हेंबर 1921 रोजी आर्लिंग्टनला अनाम सैनिकाच्या दफनाच्या वेळी क्रो जमातीचे वृद्ध पुढारी प्लेंटी कूज यांनी आपला युद्धटोप आणि कूची काठी शवपेटीवर ठेवली. क्रो हे सू आणि शायॅनांचे जुने शत्रू, पण या कृतीचा अर्थ तिन्ही जमातींत सारखाच कळणारा. उलट 2012 मध्ये एका अंतर्वस्त्रांच्या कंपनीने मॉडेलला असा टोप घालून रंगमंचावर चालवलं, निषेध झाला, माफी मागितली गेली. 2014 मध्ये एका गायकाने मासिकाच्या मुखपृष्ठासाठी तो घातला, पुन्हा तेच. 2020 मध्ये कॅन्सस सिटीच्या फुटबॉल संघाने आपल्या मैदानात प्रेक्षकांना हे टोप घालून यायला मनाई केली. ही मनाई योग्यच होती आणि फार उशिरा आली.

आज गरुडाचं पीस जवळ बाळगायलाही कायदा आडवा येतो. 1940 च्या कायद्याने अमेरिकेत टकल्या गरुडाला संरक्षण मिळालं, 1962 मध्ये सोनेरी गरुडालाही. मग विधींसाठी पिसं कुठून आणायची? कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ कॉमर्स सिटीला सरकारचं राष्ट्रीय गरुड भांडार आहे. विजेच्या तारांवर, रस्त्यांवर मेलेले गरुड देशभरातून तिथे जमा होतात. मान्यताप्राप्त जमातीच्या नोंदणीकृत सदस्यांनी अर्ज करायचा आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची. तरुण सोनेरी गरुडासाठी, म्हणजे टोपाला लागणाऱ्या त्याच पांढऱ्या-काळ्या पिसांसाठी, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तरीही अर्ज थांबत नाहीत. परीक्षा पास झालेल्या मुलामुलींना आजी-आजोबा पीस देतात. सैन्यातून परतलेल्यांना दिलं जातं. आणि आदिवासींमध्ये सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. पाववाव म्हणजे जमातींच्या मेळाव्यातल्या नाचात कोणाचं गरुडपीस जमिनीवर पडलं तर ढोल थांबतात, आणि युद्ध पाहिलेले माजी सैनिकच ते विधिपूर्वक उचलतात.

21 सप्टेंबर 2004 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन आदिवासींचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. त्यासाठीचा कायदा 1989 मध्ये मांडणाऱ्यांत बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल होते. उत्तर शायॅन, चव्वेचाळीस पुढाऱ्यांच्या सभेचे सदस्य आणि उद्घाटनाच्या वेळी कोलोरॅडोचे सिनेटर. उद्घाटनाच्या भाषणाला ते पिसांचा टोप घालून उभे राहिले. संसदेच्या घुमटासमोर त्या दिवशी टोप दिसला तो ज्याचा त्याच्या डोक्यावर.

आता या पुस्तकाबद्दल दोन शब्द. ‘रेड इंडियन’ हा शब्द मी कुठेही वापरलेला नाही. लोकांना त्यांच्या जमातीच्या नावानेच संबोधलं आहे. चित्रांखाली टोप घालणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तिथे ते आधी दिलं आहे आणि छायाचित्रकाराचं नंतर. वाचकांनीही त्याच क्रमाने वाचावं. शायॅनांच्या सर्वांत पवित्र वस्तूंपैकी एक हीसुद्धा डोक्यावरचीच आहे: बायसनच्या कातड्याचा, शिंगांचा तो टोप, ज्याला ते एसेव्होने म्हणतात. उत्तर शायॅनांच्या मोंटानातल्या राखीव प्रदेशात तो स्वतःच्या तंबूत राहतो आणि त्याला सांभाळणारा माणूस नेमलेला असतो. त्याचं चित्र या पुस्तकात नाही, आणि ते वाचकांनी इतरत्रही शोधू नये, अशी माझी विनंती आहे.